रबराच्या साच्यावरचा खटला

जानेवारी १९४९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका रबराच्या साच्याचा निकाल लावला. एका बाजूला होता टोरांटोचा थोगर युंगरसन आणि दुसऱ्या बाजूला प्रॉव्हिडन्स शहरातली 'ऑस्टबी अँड बार्टन' ही अंगठ्या बनवणारी जुनी पेढी. युंगरसनचं म्हणणं असं : नक्षीचा दागिना रबरात दाबून साचा घ्यायचा, तो गरगर फिरवत त्यात मेण भरायचं, त्या मेणाभोवती प्लास्टर ओतायचं, मेण वितळवून काढून टाकायचं आणि उरलेल्या पोकळीत पुन्हा फिरवूनच धातू घालायचा, ही रीत माझी, १९३८ पासून तिचं पेटंट माझ्या नावावर आहे. बहुसंख्य न्यायमूर्तींनी ते उडवून लावलं. मेण घालवून धातू ओतणं सोळाव्या शतकात चेल्लिनीने वर्णन करून ठेवलंय, रबरी साचे जुनेच, फिरवून ओतणंही जुनंच. तीन जुन्या गोष्टी एका दोरीत बांधल्या म्हणून नवा शोध होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. न्यायमूर्ती जॅक्सन यांचं मत विरोधात पडलं. ज्या पेटंटापर्यंत या न्यायालयाचा हात पोचलेला नाही तेवढंच काय ते वैध उरतं, असा टोला त्यांनी हाणला आणि पेटंटच्या वकिलांत तो अजून चालतो.

(त्या पेढीचा एक संस्थापक एंगलहार्ट ऑस्टबी १९१२ साली टायटॅनिकवर होता. बरोबरची मुलगी वाचली, तो गेला. खटल्याशी याचा काही संबंध नाही, पण वाचल्यावर डोक्यातून जात नाही.)

कायद्यातलं मला काही कळत नाही. मी वसईच्या एका गाळ्यात कास्टिंगचं काम करते : ब्रोच, किचेन, बिल्ले, गाडीत ठेवायचे गणपती, इमिटेशनवाल्यांना लागणारे पेंडंटचे भाग. पण हा निकाल कळला तेव्हा वाटलं, न्यायमूर्तींनी नकळत आमच्या अख्ख्या धंद्याचं भविष्यच लिहून ठेवलं. इथे कोणाचं काही कोणाच्या मालकीचं राहत नाही.

आमचं काम म्हणजे युंगरसनच्या रीतीचं चुलत भावंड. आम्ही मेणाच्या भानगडीत पडत नाही, धातू थेट रबरातच ओततो. सोनं, चांदी, पितळ असं ओतायला गेलात तर रबर जळून जाईल. पण कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ ला आणि दोन्ही योग्य मापात मिसळली तर मिश्रण १८३ लाच पातळ होतं. एवढी उष्णता रबर सोसतं. जस्ताच्या मिश्रणाला चारशेच्या आसपास जावं लागतं, तिथे काळं रबर टिकत नाही, सिलिकॉनचं घ्यावं लागतं. प्लास्टिकचे भाग हवे असतील तर भट्टीच लागत नाही. पॉलियुरेथेनचे दोन द्रव एकत्र करून फिरत्या साच्यात ओतायचे, ते आतल्या आत घट्ट होतात.

साचा कसा तयार होतो ते सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. कच्च्या रबराच्या दोन जाड गोल चकत्या घ्यायच्या. खालच्या चकतीवर मधली जागा सोडून गोलाकार ओळीत मास्टर, म्हणजे मूळ नमुने, मांडायचे. प्रत्येकासाठी रबर थोडं कोरून त्याला अर्ध्यापर्यंत बसवायचं. जोड कुठे येणार हे इथेच ठरतं. गणपतीच्या सोंडेवरून जोड गेला तर पुढे प्रत्येक नगाला तिथे कानस मारावी लागेल, म्हणून जुना कारागीर मास्टर हातात घेऊन बराच वेळ नुसता फिरवत बसतो. दोन चकत्या पुढे नेमक्या एकमेकांवर बसाव्यात म्हणून मध्ये मध्ये नट ठेवायचे. वर शंखजिऱ्याची पूड मारायची, नाहीतर दोन्ही चकत्या कायमच्या चिकटतील. मग वरची चकती ठेवून सगळं लोखंडी कड्यात बसवायचं आणि तापलेल्या प्रेसमध्ये दीडशे अंशांच्या आसपास दाबून धरायचं. तासाभरात, कधी थोडा जास्त वेळ, रबर पिकतं. गाळाभर गंधकाचा वास पसरतो. रबरात गंधक घालून तापवलं की ते घट्ट आणि लवचिक होतं, हे चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडलं; आम्ही रोज तेच करतो.

प्रेसमधून काढल्यावर साचा गरम असतानाच उघडायचा आणि मास्टर उपटायचे. मग धारदार सुरी घेऊन मधल्या खळग्यापासून प्रत्येक पोकळीपर्यंत वाट कापायची. तिला आम्ही गेट म्हणतो. पोकळीच्या टोकांकडून हवा निघून जायला केसाएवढे चर काढायचे. गणपतीची बोटं किंवा तुऱ्याचं टोक अर्धवट आलं की समजावं, आत हवा अडकलीय. त्यावर कुठलंही पुस्तक चालत नाही. आणखी एक चर काढून बघायचा.

साचा यंत्रात ठेवून मिनिटाला पाचएकशे फेऱ्यांनी फिरवला आणि पोकळी केंद्रापासून दहा सेंटिमीटरवर असली, तर आतल्या धातूला स्वतःच्या वजनाच्या साधारण अठ्ठावीस पट जोर बसतो. पळीने मधोमध ओतलेला धातू त्या जोराने नक्षीच्या प्रत्येक रेषेत घुसतो. थोड्या वेळात थंड झाला की झाकण उघडून साचा वाकवायचा, नग आपोआप सुटतात. रबर वाकतं म्हणून खाचाखोचांचं कामही निघतं. पोलादाच्या साच्यात, म्हणजे डायमध्ये, तसला आकार अडकून बसेल. मधला देठ आणि गेट परत भट्टीत. काही वाया जात नाही.

आणि हे सगळं स्वस्त. पोलादी डाय बनवायची तर ती वसूल व्हायला लाखाच्या घरात नग लागतात. रबरी साच्याला दोन-चारशेची ऑर्डर पुरते. साचा जेमतेम काही शे ओतण्यांत मरतो, पण मास्टर हातात असेल तर दुसरा दिवसभरात तयार. ज्याच्याकडे भांडवल नाही त्याला या रबराने कारखानदार केलं आणि त्याच्या मालाची नक्कल मारणाऱ्यालाही. नक्कल करणाऱ्याला वेगळं काहीच करावं लागत नाही, बाजारातून तुमचा एक नग विकत आणून मास्टरच्या जागी ठेवला की झालं.

प्रॉव्हिडन्सला या दोन्ही गोष्टी फार आधी कळल्या होत्या. हे शहर ऱ्होड आयलंडमधलं, अमेरिकेतल्या सर्वांत छोट्या राज्यातलं. तिथे १७९४ मध्ये नेहेमाया डॉज नावाच्या सोनाराने स्वस्त धातूवर सोन्याचा थर चढवण्याची युक्ती बसवली असं मानतात. म्हणजे आपल्याकडे ज्याला गिलिटाचे दागिने म्हणतात, त्यांचं ते अमेरिकन माहेर. विसाव्या शतकात शहर स्वतःला जगाची दागिन्यांची राजधानी म्हणवून घेऊ लागलं. कोहन आणि रोझेनबर्गर या दोघांच्या आडनावांची पहिली अक्षरं जोडून झालेली 'कोरो' कंपनी न्यूयॉर्कची, पण तिने १९२९ मध्ये मोठा कारखाना बांधला तो प्रॉव्हिडन्सच्या पॉइंट स्ट्रीटवर. अगदी स्वस्तापासून ऐटबाज पिनांपर्यंत सगळं तिथून निघे. कास्टिंग कारखान्यात होई, पण खडे चिकटवणं, साखळ्या जोडणं, कानातली पुठ्ठ्यावर लावणं ही कामं पिशव्या भरभरून घरोघर जात. इटालियन आणि पोर्तुगीज कुटुंबांतल्या बाया स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती करत, मुलं मदतीला. मालवणी, दहिसरच्या चाळींतून फिरलेल्या कोणालाही हे चित्र समजावून सांगायला नको. दर डझनावर ठरतो, दिवे गेले तर नुकसान बाईचं.

१९४२ मध्ये जपानने मलाया घेतला आणि जगाच्या कथिलाचा मोठा नळ बंद झाला. अमेरिकन सरकारने कथील लढाईसाठी राखून ठेवलं, दागिन्यांना मनाई. खोटे दागिने बनवणाऱ्यांना मग नाइलाजाने खरी चांदी वापरावी लागली. ट्रायफारी कंपनीच्या त्या काळातल्या पिना चांदीच्या, वर सोन्याचा मुलामा. संग्राहक आज त्यांना भरपूर पैसे मोजतात. लढाई संपल्यावर पुन्हा कथिलाचा पांढरा धातू आला आणि भाव खाली आले. मला हा किस्सा फार आवडतो : टंचाईमुळे नकली माल असली झाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

ट्रायफारीचं नाव आणखी एका कारणाने घ्यावं लागतं. १९५३ च्या शपथविधीनिमित्तच्या नृत्यसोहळ्यात राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मेमी यांनी ट्रायफारीचेच दागिने घातले, तेव्हापासून खोटे दागिने घालण्याची लाज गेली. दागिना प्रतिष्ठित झाला की नक्कल वाढणारच. ट्रायफारीने शारेल नावाच्या कंपनीवर न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात लावलेल्या दाव्याचा निकाल १९५५ मध्ये लागला. प्रश्न असा, की स्वस्त, हजारोंनी काढलेल्या खोट्या दागिन्याला कलाकृती म्हणायचं का? न्यायालय म्हणालं, म्हणायचं. स्वस्त आहे, खोटं आहे, कारखान्यात निघतं, म्हणून त्याचं कलापण नाहीसं होत नाही. या निकालानंतर ट्रायफारीच्या मालावर नावाशेजारी वर्तुळातला 'सी' उमटू लागला. जुन्या बाजारातले जाणकार पिनेची पाठ बघून ती १९५५ च्या अलीकडची की पलीकडची ते आजही त्यावरून सांगतात. म्हणजे सहा वर्षांपूर्वी रीत कोणाचीच नाही असं ठरलं होतं, आता आकार मात्र ज्याचा त्याचा ठरला. माझ्या मते दोन्ही निकाल बरोबर होते.

कागदावर बरोबर, एवढंच. आमच्या बाजारात न्यायालयापेक्षा व्हर्नियर कामाला येतो. तापलेला धातू थंड होताना आकसतो, पिकलेलं रबरही थोडं आकसतं. चाळीस मिलिमीटरच्या मास्टरवरून ओतलेला आमचा बिल्ला साडेएकोणचाळीस भरतो. तो विकत घेऊन कोणी साचा केला की त्याचा निघतो एकोणचाळीस. त्याच्यावरून तिसऱ्याने केला तर आणखी अर्धा मिलिमीटर गेला. शिवाय प्रत्येक पिढीत अक्षरांच्या कडा गोल होत जातात, डोळे बुजतात. एकदा आमच्याच घोड्यावरच्या मावळ्याचा एक नग गिऱ्हाईक घेऊन आलं, यापेक्षा स्वस्तात द्याल का म्हणून. मापला तर तिसरी पिढी. भाल्याची काडी झाली होती.

मापाचा हा नाद अण्णांचा, माझ्या वडिलांचा. ते गिरगावात टाइप फाउंड्रीत होते, म्हणजे छापखान्याचे खिळे पाडायचे. त्या कामात अक्षराची उंची केसभरही चुकून चालत नाही. निर्णयसागरचं नाव ते कानाला हात लावून घेत. जावजी दादाजी चौधरींनी १८६९ मध्ये काढलेल्या त्या छापखान्याच्या देवनागरी अक्षरांची सर दुसऱ्या कशाला नाही, हे त्यांचं ठाम मत होतं. ऑफसेट आलं, खिळे भंगारात निघाले. अण्णांनी त्या भंगाराकडे धातू म्हणून बघितलं. खिळ्यांत शिसं, कथील आणि अँटिमनी असते. अँटिमनीमुळे धातू कडक होतो आणि थंड होताना कमी आकसतो, म्हणून अक्षराची धार टिकते. दागिन्याच्या नक्षीलाही तेच हवं. फक्त कथील कमी पडतं आणि बारीक जागी धातू पोचत नाही, म्हणून वरून थोडं कथील घालायचं. मालाडला तेव्हा इमिटेशनचा बाजार वाढत होता. आमचे पहिले ब्रोच ओतले गेले ते 'क', 'ष', 'ज्ञ' वितळवून. आईला ते आवडलं नव्हतं. सरस्वती भट्टीत घालता, म्हणायची.

शिसं तेव्हा सगळेच वापरत. जगभर हा धंदा शिशावरच उभा राहिला. लंडनच्या ब्रिटन्स कंपनीने १८९३ पासून पोकळ शिशाचे शिपाई बनवले. तिथे रबर नव्हतं, धातूचा साचा होता. त्यात शिसं ओतायचं आणि बाहेरचा थर गोठताच मधलं ओतून टाकायचं. एच. जी. वेल्ससारखा लेखक त्या शिपायांशी जमिनीवर लोळून लढाया खेळे आणि त्याने १९१३ मध्ये या खेळाच्या नियमांचं पुस्तकच काढलं. खेळण्यातल्या शिशावर निर्बंध आले तसे १९६६ मध्ये ब्रिटन्सचे शिशाचे शिपाई बंद झाले. प्रौढांचे शिपाई मात्र चालू राहिले, आता फिरत्या रबरात. नॉटिंगहॅमच्या आसपास १९७० च्या दशकाच्या शेवटापासून छोट्या मूर्ती ओतणाऱ्यांची इतकी दाटी झाली, की त्या पट्ट्याला 'लेड बेल्ट' नाव पडलं. एकाने दुसऱ्याकडे काम शिकायचं, मग गॅरेजमध्ये स्वतःचं यंत्र लावायचं. रबरामुळे धंद्यातली माणसं कशी वाढतात ते तिथेही दिसतं.

शिशाला खरा दणका बसला तो २००६ मध्ये. मिनेसोटात चार वर्षांच्या मुलाने बुटांबरोबर फुकट मिळालेलं बदामाच्या आकाराचं लटकन गिळलं आणि तो दगावला. लटकन जवळजवळ निव्वळ शिशाचं होतं. २००८ मध्ये अमेरिकेने मुलांच्या वस्तूंसाठी कडक कायदा केला. पुढे शिशाची मर्यादा दहा लाखांत १०० भागांपर्यंत खाली आली. मालाडचा निर्यातदार आमच्याकडे तपासणीचा दाखला मागू लागला तो तेव्हापासून. आता आम्ही कथील, थोडी अँटिमनी, किंचित तांबं असा धातू वापरतो. कथील शिशापेक्षा दहापटीहून महाग आहे. ज्याला दाखला नको असतो त्याच्यासाठी शिसं ओतणारे गाळे अजून आहेत. कुठे आहेत ते बाजारातल्या सगळ्यांना ठाऊक असतं.

भाची बोस्टनजवळ राहते, तिच्याकडे गेले असताना हट्टाने प्रॉव्हिडन्सला गेले. आगगाडीने तासाभराचं अंतर. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्या चिमुकल्या राज्यात तीस हजारांहून जास्त माणसं दागिन्यांच्या कामावर होती. मग स्वस्त आयात आली, आधी इतर ठिकाणांहून आणि नंतर मुख्यतः चीनमधून, आणि यंत्रं भंगारात गेली. ज्या भागाला अजून 'ज्वेलरी डिस्ट्रिक्ट' म्हणतात तिथे आज दागिना बनताना दिसत नाही. ब्राउन विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय २०११ पासून अशाच एका जुन्या कारखान्यात भरतं. कोरोची इमारत उभी आहे, आत कार्यालयं. त्याच पॉइंट स्ट्रीटवर डाव्होल कंपनीचा विटांचा जुना कारखाना आहे, रबराच्या वस्तूंचा. इथलंच रबर शेजारी जात असेल, असं भाचीला सांगायचा मोह झाला होता. पण डाव्होल बनवायचे दवाखान्यात लागणाऱ्या वस्तू. इतिहास इतका सोयीचा नसतो. भाचीने विचारलं, "मावशी, यात बघायचं काय?" मी तिला खिडक्या दाखवल्या. भिंतीपेक्षा खिडक्या जास्त. खडे बसवणाऱ्याला उजेड हवा. आमच्या गाळ्याला एकच खिडकी आहे आणि तिच्यासमोर प्लेटिंगवाल्याची चिमणी.

आता मास्टर हाताने कोरणारे कमी झाले. संगणकावर आकार काढतात, थ्रीडी प्रिंटरवर राळेचा नग निघतो. तो दीडशे अंशांच्या प्रेसमध्ये टिकत नाही, म्हणून आधी थंडपणे जमणाऱ्या सिलिकॉनमध्ये त्याचा साचा, त्यातून कथिलाचा मास्टर आणि मग काळं रबर. दोनदा आकसणार हे धरून आकार आधीच वाढवून घेतात. नक्कल करणाराही हुशार झालाय. तो स्कॅन करतो आणि जेवढं आकसलं तेवढं परत फुगवतो. व्हर्नियर लावून काही हाती लागत नाही. म्हणून शिवराजमुद्रेच्या आमच्या बिल्ल्यावर कडेच्या नक्षीत मी एक ठिपका जास्त ठेवलाय, डाव्या हाताला, खालच्या बाजूला. मुद्रेच्या अक्षरांना हात लावलेला नाही. स्कॅनरला ठिपका चूक आहे की नक्षी ते कळत नाही, तो इमानदारीत उतरवून घेतो. गेल्या शिवजयंतीला दादरच्या फुटपाथवर एका मुलाकडे ढीगभर बिल्ले होते. एक उचलला. मुलामा पिवळाजर्द, पाठीची पिन वाकडी आणि ठिपका जागच्या जागी.

"माल कुठला रे?" मी विचारलं.

"कंपनीचा आहे ताई," तो म्हणाला. "बाजूवाला डुप्लिकेट विकतो, त्याच्याकडून घेऊ नका."